भागाबाईंचा मंगळवार

माझ्या नोकरीच्या वीस वर्षांत नाशिक शहर ईशान्येकडे सुमारे एक मीटर सरकलं. त्यात माझा काही हात नाही. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, गुणिले वीस, हिशेब एवढाच. शहराबरोबर गोदावरी, तिच्यावरचे पूल, आमची कॉलनी आणि गच्चीवरची पाण्याची टाकीही तेवढीच सरकली, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं घ्या म्हणून मी सांगतेय, तो तेवढा का सरकत नाही?"

मी भूकंपमापन केंद्रात निरीक्षक होतो. नव्वदच्या सुरुवातीला लागलो आणि दोन हजार दहाच्या आसपास बाहेर पडलो. केंद्र शहराच्या पश्चिमेला, एका धरणाच्या अंगाला. खोल्या दोन. त्यातली एक अर्धी जमिनीत, कारण यंत्र उघड्या खडकावर बसवावं लागतं. लोकांना वाटे, आम्ही भूकंप कधी होणार ते सांगतो. ते कोणालाच सांगता येत नाही. होऊन गेलेला मोजायचा, एवढंच आमचं काम. त्यामुळे आमच्याकडे येणारा बहुतेक माणूस निराश होऊनच परत जाई.

कामाची पद्धत सांगतो. एक गोल ड्रम असतो. त्याच्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा आणि खाली रॉकेलचा दिवा धरून त्याला काजळी धरवायची. मग त्या काळ्या कागदावर सुई टेकवायची. ड्रम फिरतो, सुई काजळी खरवडते, पांढरी रेघ उमटते. पंधरा मिनिटांची एक रेघ, चोवीस तासांच्या शहाण्णव. एक सेकंद म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. रोज सकाळी साडेआठला कागद बदलायचा, उतरवलेला कागद लाखेच्या द्रावणात बुडवून पक्का करायचा, की काजळी हाताला लागत नाही. माझ्या हाताला मात्र ती नोकरीभर लागली. माझे सगळे शर्ट उजव्या बाहीनं ओळखू येत.

जमीन हादरली की दोन लाटा निघतात. पहिली ढकलत येते, दुसरी हलवत येते आणि ती मागे पडते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसं. दोन्हींमधले सेकंद मोजायचे आणि आठानं गुणायचं. कागदावर पाच मिलिमीटर अंतर असेल तर धक्का अंदाजे चाळीस किलोमीटरवर झाला. दिवसभरात सुई खूप काही लिहिते. ट्रक लिहिते, वारा लिहिते, देवळालीच्या तोफांचा सराव असेल तर दुपारभर ओळीनं बारीक टिंबं काढते. हे सगळं बाजूला सारून खरा धक्का ओळखायचा, त्यात डोळा तयार व्हायला मला तीन वर्षं लागली.

एकदा पिंपळगावचे एक बागायतदार आले. द्राक्षबागेची नवी सिमेंटची टाकी तडकली होती. गुरुवारी धक्का बसल्याचा दाखला त्यांना हवा होता. मी गुरुवारचा कागद काढून दाखवला.

"ही काय टिंबं?" त्यांनी लगेच बोट ठेवलं.

"देवळालीच्या तोफा."

"तोफांनी तडकली असंल का?"

"एवढ्या लांबून नाही."

"म्हणजे भूकंप नाय, तोफ नाय. मग तडकली कशानं?"

"सिमेंट कमी पडलं असेल."

त्यांनी कागदावरून बोट उचललं. "ते मी सोता घातलेलं हाय," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

पण धक्के येतात कुठून, हा प्रश्न प्रत्येकजण विचारी. त्यासाठी मी एक उत्तर तयार ठेवलं होतं. जमिनीवर गोधडी पसरा आणि एका बाजूनं भिंतीकडे ढकलत न्या. भिंतीशी वळ्या पडतात. तो हिमालय. आपला भूपट्ट, म्हणजे ज्या कवचावर आपण सगळे बसलो आहोत तो प्रचंड तुकडा, कोट्यवधी वर्षं उत्तरेकडे सरकत चालला आहे आणि आशियाला जाऊन भिडला आहे. वळ्या भिंतीशी पडल्या तरी ताण सगळ्या गोधडीवर येतो, आणि कुठं जुनी शिवण विरली असेल तिथं मध्येच एखादा टाका उसवतो. नाशिक, पेठ, सुरगाणा ही गोधडीच्या मधली गावं. आमच्या सुईला ऐकू येत ते हे सुटणारे टाके. चांदवडपासून त्र्यंबकपर्यंत आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, हेही याच प्रवासातलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट एका तापलेल्या जागेवरून जात असताना लाव्हा वर आला आणि थरावर थर बसत गेला. तेव्हा आपण विषुववृत्ताच्याही दक्षिणेला होतो. पाच सेंटिमीटरनं गुणलं तर सव्वातीन हजार किलोमीटर होतात, पण पूर्वी वेग बराच जास्त होता, म्हणून खरं अंतर याहून मोठं. हा आकडा मी नेहमी दुरुस्तीसह सांगत असे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. त्यासाठी आमच्या कामातली आणखी एक रीत सांगायला हवी. धक्का जगात कुठंही झाला तरी सगळ्या केंद्रांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, ग्रीनिचची. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे वहीत तीन. आणि आपल्याकडची पहाट वहीत आदल्या तारखेला पडते. किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राच्या लेखी तीस सप्टेंबरच्या पहाटेचा आहे, भूकंपाच्या वह्यांत तो एकोणतीस तारखेला आहे. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे उदाहरण देत असे आणि वर म्हणत असे, "वेळ वजा केली की तारीखही पाहायची. इथं चुकलास तर सगळंच चुकलं."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका हिवाळ्यात, पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरून पत्र आलं. तिथल्या शाळेच्या गावित गुरुजींनी लिहिलं होतं: मंगळवारी पहाटे जमीन हादरली, असं भागाबाई नावाच्या बाईंचं म्हणणं आहे. बाकीचे झोपेत होते, कोणाला काही जाणवलं नाही. त्यांनी लगेच येऊन माझं दार वाजवलं, म्हणून वेळ घड्याळात पाहून लिहीत आहे, चार वाजून दहा मिनिटं. तेव्हापासून त्या बाळंतीण सुनेला आणि सव्वा महिन्याच्या नातवाला घरात झोपू देत नाहीत, अंगणातल्या मांडवात ठेवतात. थंडी फार आहे. मुलगा चिडला आहे. धक्का झाला की नाही, ते कृपया कळवावं.

तो आठवडा मी रजेवर होतो आणि मोजमाप माझे सहकारी भामरे यांनी केलं होतं. मी चार दहातून साडेपाच तास वजा केले. बावीस चाळीस. मंगळवारचा कागद काढला, बावीस चाळीसची रेघ शोधली. सरळ, स्वच्छ रेघ. आपल्या सवयीप्रमाणे मी पुन्हा एकदा तपासलं. पुन्हा तोच कागद, पुन्हा तीच रेघ. मग मी उत्तर लिहिलं: 'सदर दिवशी सदर वेळी कोणत्याही धक्क्याची नोंद झालेली नाही.' खाली सही केली. चूक दोनदा तपासून पाठवली.

महिनाअखेरीला वरच्या कार्यालयाला यादी जाते, आणि ती आपल्या वेळेत करून द्यावी लागते. वही पुढ्यात घेऊन मी एकेक नोंद साडेपाच तासांनी पुढं आणत होतो. सोमवार, बावीस चाळीस, भामऱ्यांचं अक्षर, अंतर पाच सेकंद. मी पुढच्या रकान्यात लिहिलं: मंगळवार, चार दहा. आणि पेन तसंच राहिलं. पाड्याची मंगळवारची पहाट सोमवारच्या कागदावर होती. मी पाहिली होती ती बुधवारची.

साहेबांना सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले होते, पण बदलीच्या वाटेवर होते. "रिश्टरवर तीनच्या आतला धक्का," म्हणाले, "त्यानं छपराचा पत्राही पडत नाही. शुद्धिपत्र पाठवून द्या."

"टपाल पोचायला आठ दिवस लागतील."

"मग?"

"एसटीनं मी रविवारी जाऊन येतो. कागद घेऊन जाऊ का?"

मूळ कागद केंद्राबाहेर न्यायची पद्धत नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवक-जावक वही पुढं सरकवली. "नोंद करा, आणि भिजवू नका."

रविवारी पेठपर्यंत एसटी, पुढं जीप, शेवटी तासभर चाल. काखेत प्लास्टिकच्या नळीत गुंडाळलेला सोमवार. गावित गुरुजी शाळेच्या ओट्यावर भेटले. वयानं माझ्याएवढेच.

"अहो, एवढ्यासाठी आलात? पत्र टाकायचं ना."

"टाकलं होतं. तेच चुकीचं होतं."

काय झालं ते मी सांगितलं. गुरुजींनी चष्मा काढला. "साहेब, ते पत्र मी आंब्याखाली सगळ्यांसमोर वाचलं. भागाबाईंना पुढं बसवून. लोक हसले. त्यांचा सोमनाथ त्याच दिवशी बायको-पोराला घरात घेऊन गेला. बाई मांडवातच आहेत. रात्री चार-पाच वेळा उठून दार वाजवतात, पोर बरं आहे ना म्हणून. कोणाला झोप नाही. सोमनाथ आता त्यांना भगताकडे न्यायचं म्हणतोय."

भागाबाई मांडवात सुपात नागली पाखडत होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. डोळे तांबारलेले. त्यांच्या बोलण्यात तिथल्या कोकणा आदिवासींची बोली मिसळलेली होती. मला जसं कळलं तसं लिहितो.

"भागाबाई, हे नाशिकचे साहेब," गुरुजी म्हणाले. "ज्यांचं पत्र आलं होतं."

"कोणतं? मला येडी ठरवली ते?"

"तेच," मी म्हणालो. "चूक माझी होती. तुमचं खरं आहे. धक्का झाला होता."

त्यांनी सूप खाली ठेवलं. घोंगडी झटकून अंथरली. मग म्हणाल्या, "बसा. चा घेता का?"

तोवर सोमनाथ आला, पाचपंचवीस माणसं जमली. सोमनाथ सरळ म्हणाला, "आधी लिवलं नाय, आता म्हनता हाय. उद्या परत म्हनाल नाय."

"म्हणून तर कागद आणलाय. माझ्या शब्दावर जाऊ नका."

घोंगडीवर कागद पसरला. काळ्यावर पांढऱ्या शहाण्णव रेघा. मी बावीस चाळीसवर बोट ठेवलं. तिथं रेघ दचकल्यासारखी दोन्हीकडे फाकली होती.

"ही तुमच्या मंगळवारची पहाट. आमच्या वहीत तिला सोमवार म्हणतात."

"असं कसं?" भागाबाई म्हणाल्या. "मंगळवार तो मंगळवार."

"आमच्या घड्याळात दिवस साडेपाच तास उशिरा लागतो."

"नाशकात?"

गुरुजी हसले. "नाशकात नाही हो मावशी, विलायतेत. जगभर त्यांचंच घड्याळ लावतात."

"घड्याळ त्यांचं लावा," भागाबाई म्हणाल्या, "धरणी तं आमची हालली." मग कागदावर वाकल्या. "पन हे एकच दावता तुम्ही. तीन झाली."

भामऱ्यांची नोंद एकच होती. मी विचारलं, बाकीची दोन कधी?

"दुसरं, कोंबडं आरवल्यावर. तिसरं, मी हंडा घिऊन वर चढले, तव्हा. पानी हिंदकळलं. मी उभीच व्हते, तरी हिंदकळलं."

मी भिंग काढलं. तेवीस पन्नास, म्हणजे पाच वीसच्या सुमारास, दीड-दोन मिलिमीटरचा एक थरथराट होता. मोजायच्या लायकीचा नाही म्हणून भामऱ्यांनी सोडलेला. मीही सोडला असता. तिसऱ्याला वेळ लागला. एक वाजून पाच मिनिटांच्या रेघेवर, आपल्या सहा पस्तीसला, सुई केसभर कापली होती. कापलेली होती, यात शंका नाही. वीस वर्षांत माझ्या नजरेतून असे किती सुटले असतील, कोण जाणे. त्या दोन्ही नोंदी मी दुसऱ्या दिवशी वहीत चढवल्या.

"आहेत," मी म्हणालो. "तिन्ही आहेत."

कोणी हसलं नाही. मी तिथंच नवं पत्र लिहिलं, गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. भागाबाई म्हणाल्या, "परत एकडाव वाचा." गुरुजींनी परत वाचलं. मग भागाबाईंनी मला विचारलं, "चूक झाली म्हनता, मंग तुमच्या नोकरीला काय व्हईल?"

"काही नाही होणार."

"नक्की ना? नायतर पयलं पत्र आम्ही फाडून टाकतो. कोनाला दावत नाय."

मी म्हणालो, "नको, राहू द्या. आमच्याकडे चुकीची नोंद खोडून टाकत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहितात."

मग सोमनाथनं विचारलं, "परत व्हईल का?"

"माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. बहुधा असेच बारीक होतील आणि थांबतील. पण मी सांगितलं म्हणून विसंबू नका."

"मंग निजायचं कुठं?"

त्याचं उत्तर माझ्या कागदात नव्हतं, घरात होतं. मी घर बघायला मागितलं. तीन बाजूंना कारवीच्या कुडाच्या हलक्या भिंती, शेणामातीनं सारवलेल्या. चौथी, मागची, नवी: दगड आणि मातीची, आढ्यापर्यंत त्रिकोणी चढत गेलेली.

"ही मी बांधली," सोमनाथ म्हणाला. "तीन साल दिंडोरीला द्राक्षाच्या छाटनीला गेलो. तिथं समद्यांची घरं पक्की. म्हनलं एकेक भिंत पक्की करू. आन् आये म्हनते, घरात नको."

"मी भिंतीला नाव नाय ठिवलं," भागाबाई दारातून म्हणाल्या. "तुला नाय ठिवलं. कूड हालतो, नाचतो, उभा ऱ्हातो. दगूड नाचत नाय. पोरगं त्याच्या खाली नको, येवढंच म्हनलं."

किल्लारीत माणसं मेली ती अशाच दगडमातीच्या भिंतींखाली. ते मी बोललो नाही. खिशात टेप असतोच. रुंदी चार मीटर, वरचा त्रिकोण एक मीटर चाळीस, जाडी पंचेचाळीस सेंटिमीटर. दगडमातीचं वजन घनमीटरला सव्वादोन टन धरलं आणि गुरुजींनी शाळेतून मागवलेल्या पाटीवर खडूनं गुणाकार मांडला. बाळाची झोळी भिंतीपासून दोन फुटांवर टांगलेली होती.

"वरचा त्रिकोण पावणेतीन टनांच्या वर जातो," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"क्विंटलची अठ्ठावीस पोती. झोळीच्या वर."

सोमनाथ पाटीकडे बघत राहिला. मग झोळीकडे. सून बाळाला घेऊन चुलीपाशी उभी होती; तिनं झोळीची दोरी सोडली आणि बाळाला मांडवात सासूच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

सोमनाथनं शिडी लावली. "खालची कंबरंयेवढी ऱ्हाऊ देतो," वर चढता चढता म्हणाला, "वरती कूडच लावतो. कारवी हाय मागं."

पहिला दगड त्यानं खाली टाकला तो धप्पकन आपटला. गुरुजी दारात होते. त्यांनी वळून मांडवाकडे पाहिलं आणि सोमनाथला थांब म्हणून हात वर केला. भागाबाई बाळाला कुशीत घेऊन आडव्या झाल्या होत्या. भर दुपारी, एवढ्या माणसांत. कितीतरी रात्रींनंतर त्यांचा डोळा लागला होता. सून शेजारी बसून माश्या वारत होती.

सोमनाथ शिडीवरून दोन पायऱ्या उतरला, आईकडे बघून परत वर गेला. पुढचा दगड त्यानं टाकला नाही. वाकून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. खालच्यानं गुरुजींना, गुरुजींनी मला, मी अंगणाच्या कडेला नेऊन ठेवला. शेवटची जीप चारला होती. साडेतीनपर्यंत आम्ही दगड असे हातोहात उतरवत होतो, आणि जो तो आपला दगड मातीवर अलगद टेकवत होता.